वीतभर मुरूम

बास्केटबॉलची रिंग जमिनीपासून दहा फूट उंच असावी लागते. हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तरीपण आठ वर्षं आमच्या कॉलेजात ती दहा फुटांवर नव्हती, आणि तो दोष सगळा माझा. कुणी केलं, कसं झालं, ते मीच सांगतो.

मुळशी तालुक्यातल्या एका कॉलेजात मी मैदानाचा शिपाई होतो. सत्तर सालानंतर कॉलेज निघालं तेव्हा लागलो आणि तिथंच म्हातारा झालो. माझं शिक्षण चौथी. लिहायला वेळ लागतो, पण आता वेळेला काय तोटा? माझी बायको हलिमा मागच्याच्या मागच्या पावसाळ्यात गेली. मुलगा मारुंजीला खोल्या बांधून भाडेकरू सांभाळतो. ‘तिकडं या’ म्हणतो. मी जात नाही. हलिमा असती तर म्हणाली असती, “तुमची चूक तुमीच लिवा. दुसऱ्यानं लिवली तर वाढवून लिवंल.” म्हणून बसलो लिहायला.

आमचं बास्केटबॉलचं मैदान मुरमाचं होतं. सिमेंटचं शहरात. मुरमाचं मैदान म्हणजे पोरीची वेणी, रोज घालावी लागते. पावसाळ्यात गवत माजतं, खड्डे पडतात. दिवाळी झाली की डोंगराकडून बैलगाडीनं मुरूम आणायचा, चाळायचा, पसरायचा, पाणी मारायचं, धुम्मसानं ठोकायचा, वर दगडी रूळ फिरवायचा. मग चुन्याच्या रेघा. या कामाला हलिमा दर साली माझ्याबरोबर असायची. पाणी किती मारायचं ते तिलाच कळायचं. मूठभर मुरूम घेऊन दाबायची, मूठ उघडल्यावर गोळा राहिला की म्हणायची, “बास. आता ठोका.” पाहुण्या टीमबरोबर आलेले सर लोक मैदानावर टाच मारून बघत आणि मला म्हणत, “मामा, छान ठेवलंय.” मी वर बघायचो नाही, पण ऐकायचो.

खेळायला पोरी मिळायच्या नाहीत. पहिल्या वर्षी पाच मिळाल्या, त्यातली एक साडी खोचून खेळायची. सरावाला भूगोलाचे सर. तेच खेळाचे सर, कारण कॉलेजात त्यांचीच उंची जास्त. ते पुस्तकात बघून शिकवायचे. एका हातात पुस्तक, एका हातात बॉल. पान उलटायचं झालं की बॉल सुटायचा आणि मी विहिरीच्या बाजूला पळायचो.

रंजना आली त्या वर्षी मैदानाला आठ वर्षं झाली होती. मुठा खोऱ्यातली पोर. अंगानं किडकिडीत, आवाज मात्र रानातून हाक मारावी असा. पहिल्या दिवशी लांब उभी राहून बघत होती. बॉल तिच्याकडं गेला. तिनं तो दोन्ही हातांनी गुडघ्यापासून उचलून असा वर दिला की फळीला न लागता सरळ रिंगमधून खाली. भूगोलाच्या सरांनी पुस्तक मिटलं.

“कुटं शिकलीस गं?” मी विचारलं.

“काय?”

“ह्ये फेकायचं.”

“पेंढ्या फेकते की चाचा. भातं झोडल्यावर. बाप उडवीवर उभा ऱ्हातो, मी खालनं फेकते. त्याच्या हातात न्हाई पडली तर शिव्या पडत्यात.”

आमच्या भागात भात झोडल्यावर पेंढ्यांची उडवी रचतात, गोल, घराएवढी उंच. वरचा माणूस वाकत नाही. खालच्यानं पेंढी त्याच्या ओंजळीत घालायची. ही पोर सात-आठ वर्षांची असल्यापासून ते काम करत होती. मला खेळातलं तेवढं कळत नाही, पण हात कशाला म्हणतात ते त्या दिवशी कळलं.

बाकीचं तिला शिकावं लागलं. पळताना बॉल उजव्या हातानंच आपटायची, डावीकडून कुणी आलं की संपलं. मी म्हणलं, “उजव्या हातात पाण्यानं भरलेली कळशी धर आन डाव्या हातानं बॉल आपटत मैदानाला पाच फेऱ्या मार. पाणी सांडलं तर परत.” सर हसले. महिन्याभरानं हसायचे थांबले, कारण तिचा डावा हात उजव्यासारखा चालायला लागला. पाणी मैदानालाच मिळायचं, वाया जायचं नाही.

एकदा तिचा आजा आला. पोर अर्ध्या चड्डीत खेळते असं कुणीतरी त्याच्या कानात घातलं होतं. काठी आडवी धरून दुपारभर आंब्याखाली बसला. मी चहा नेऊन दिला. सामना संपल्यावर मला म्हणाला, “मुलाणी, धा पोरी एका टोपल्यासाठी भांडत्यात, आन टोपल्याला बूड न्हाई. कॉलेजात हेच शिकिवत्यात काय?”

“हेच हाय, बाबा.”

“मग आमची सगळ्यात जास्त भांडती,” म्हातारा म्हणाला आणि मिशीवरून हात फिरवत एसटीला गेला. चड्डीचा विषय निघाला नाही.

आता मुद्द्याचं. आमच्या मैदानावर आम्हाला कुणी हरवत नसे. शहरातली टीम आली तरी हरून जायची. त्यांचे बॉल फळीला लागून बाहेर पडायचे आणि त्यांचे सर डोकं धरायचे. मी छाती काढून फिरायचो. मला वाटायचं, माझ्या मैदानाचा पायगुण. पण आमच्या पोरी शहरात गेल्या की त्यांचं काहीच चालायचं नाही. बॉल रिंगच्या पुढच्या कडेला लागून परत यायचा. एक ना दोन, आठ वर्षं. भूगोलाचे सर म्हणायचे, “खेड्यातल्या मुली, शहरात बुजतात.” मीही तेच म्हणायचो. कितीदा म्हणलो असेन.

रंजनाचं पहिलं वर्ष संपत आलं तेव्हा शहरातल्या एका मोठ्या कॉलेजच्या कोच बाई आमच्याकडं सामना बघायला आल्या. पांढरे बूट, गळ्यात शिट्टी. रंजनाचा खेळ बघून त्यांनी शिट्टी दातात धरली ती सामना संपेपर्यंत सोडली नाही. मग म्हणाल्या, “ही मुलगी मला हवी.”

बाहेरच्यांना माहीत नसतं म्हणून सांगतो. चांगली खेळाडू असली की मोठी कॉलेजं तिला उचलून नेत. फी माफ, होस्टेल, जेवण, कॅनव्हासचे बूट. लहान कॉलेजानं शिकवायचं आणि मोठ्यानं न्यायचं, असंच चालायचं. पण पोरीनं एका कॉलेजकडून खेळून दुसरीकडं जायचं म्हणजे जुन्या कॉलेजच्या प्रिन्सिपलची हरकत नाही अशी सही लागायची. नाहीतर तिकडं जाऊन नुसतं बसायचं. त्यामुळं सही म्हणजे सगळ्या खेळाची किल्ली.

कोच बाई म्हणाल्या, “आधी आमच्या मैदानावर तिला एकदा बघते. मग पुढचं.”

रंजनाला त्या बघण्याची गरज सगळ्यांपेक्षा जास्त होती. घरी ठरलं होतं, पहिलं वर्ष झालं की वैशाखात लग्न. स्थळ आलेलं होतं. आजा म्हणाला होता, “शहरातलं कॉलेज फुकाट शिकवत आसंल तर थांबू. न्हाईतर न्हाई.” म्हणजे त्या एका दिवसावर तिचं सगळं होतं.

घरचं कुणी रिकामं नव्हतं. हलिमा म्हणाली, “मी जाते पोरीसंगं,” आणि मीही निघालो. सिमेंटचं मैदान मी पहिल्यांदा जवळून बघितलं. कडक, गुळगुळीत, धूळ नाही. मला त्याचा राग आला.

बाईंनी रंजनाला रेघेवर उभं केलं. आड कुणी नाही, फक्त ती आणि रिंग. वीस बॉल टाकायचे. आमच्याकडं ती विसांत पंधरा-सोळा घालायची. तिथं पहिला पुढच्या कडेला लागला. दुसरा तिथंच. तिसरा तिथंच. एक बोटाएवढी जागा होती, तीच लागत होती सारखी. विसांत तीन गेले. मैदानाबाहेर उभ्या असलेल्या शहरातल्या पोरींतली एक म्हणाली, “मुळशीत रिंगला पायऱ्या असतील.” बाकीच्या हसल्या. हलिमानं त्यांच्याकडं असं बघितलं की त्या गप झाल्या.

कोच बाई वाईट बोलल्या नाहीत. “हात चांगला आहे, पण दडपण घेते,” म्हणाल्या. “यंदा राहू दे.”

येताना एसटीत रंजना खिडकीकडं तोंड करून बसली. तशीच म्हणाली, “चाची, माजा हात मेला.”

हलिमा म्हणाली, “हात मेला आसता तर सारखा एकाच जाग्यावर लागला नसता.”

हे वाक्य मी ऐकलं आणि सोडून दिलं. हलिमानं सोडलं नाही.

दोन दिवसांनी ती घरात नवी भुई करत होती. माती-शेण कालवून जुन्या भुईवर एक थर द्यायचा आणि चोपण्यानं चोपायचं, दर साली. मी दारात बसलो होतो. मध्येच ती थांबली. उंबऱ्याला वीत लावून बघितली.

“अवो, हिकडं या. माझं लगीन होऊन मी आले तवा ह्यो उंबरा केवडा व्हता?”

“व्हता हाय तेवडाच.”

“न्हाई. माजा पाय अडकून मी पडले व्हते, तुमची आई हसली व्हती. आता चार बोटं ऱ्हायलाय. उंबरा खाली गेला व्हय?”

“उंबरा कशानं खाली जाईल? भुई वर आली. तूच दर साली थर देतीस.”

“आन तुमी?”

“मी काय?”

“तुमी मैदानाला दर साली काय देता?”

“मुरूम,” मी म्हणलो. ती म्हणाली, “मग ती कडी कुटं गेली?”

कडी म्हणजे रिंग. ती कायम कडीच म्हणायची.

आम्ही दोघं तसेच उठून मैदानावर गेलो, हात मातीचेच. सुट्टीचा दिवस होता. ऑफिसातला टेप बाहेर कपाटात असायचा, तो घेतला. बांबू तोडून आणला, टेपानं दहा फूट मोजले आणि त्या खुणेवर हलिमानं आपल्या हिरव्या लुगड्याची चिंधी घट्ट बांधली. बांबू रिंगखाली उभा केला. चिंधी रिंगच्या वर गेली. चांगली वीतभर.

दर साली जुना मुरूम न काढता मी नवा टाकत होतो. कडेचे दगडही वर वर चढवत होतो, म्हणून कुणाच्या डोळ्यांत आलं नाही. खांब जागेवर, फळी जागेवर, जमीन मात्र आठ वर्षांत वीतभर वर. आमच्या पोरी बुटक्या रिंगवर शिकल्या, त्यांच्या हाताला तीच उंची बसली. बाहेर गेल्या की वीतभर कमी. बाहेरच्या इथं आल्या की वीतभर जास्त. तो माझा पायगुण.

मी टेप गुंडाळायला लागलो. हलिमा म्हणाली, “आता कोच बाईला सांगायला जा.”

मी गेलो नाही. खरं लिहायचं म्हणून बसलोय तर हेही लिहितो. चार दिवस गेलो नाही. मी अजून कायम नव्हतो. आठ वर्षं मैदान चुकीचं ठेवलं असं कळलं तर काढून टाकतील ही भीती. आणि आणखी एक. रंजना गेली नाही तर आमच्याच टीममध्ये राहील, असंही मनात आलं. गुपचूप मुरूम काढू, कुणाला कळणार, असा विचार केला. पाचव्या दिवशी रंजना कॉलेजात आलीच नाही. स्थळाकडची माणसं घरी आली होती.

त्या दिवशी हलिमानं मला जेवायला वाढलं नाही. बांबू आणून भिंतीला टेकवला. “ह्यो घ्या आन जा. नोकरी गेली तर दुसरी बघू. पोरीचं वरीस दुसरं मिळणार न्हाई.”

दहा फुटांच्या वरचा बांबू घेऊन एसटीत चढणं सोपं नाही. कंडक्टरनं दारात अडवलं.

“ह्ये काय?”

“माप हाय.”

“कशाचं?”

“बास्केटबॉलच्या रिंगचं.”

“मला बांबू दिसतोय.”

“बांबूच हाय. चिंधी बघ.”

“चिंधी काय बघू? म्हातारी गेली, तिरडीला नेतोय म्हणाला आसतास तर घेतला आसता. टपावर टाक.”

टपावर बांधला. उतरताना पहिल्यांदा चिंधी आहे का ते बघितलं.

कोच बाई पोरींना पळवत होत्या. मी सरळ रिंगखाली जाऊन बांबू उभा केला. चिंधी बरोबर रिंगच्या कडेला. मग सगळं सांगितलं, एका दमात. बाई ऐकत राहिल्या. आधी कपाळाला हात लावला, मग हसायला लागल्या, मग हसायच्या थांबल्या.

“म्हणजे मामा, चुकलेले बॉलही तिनं बरोबरच टाकले होते. तुमच्या रिंगमध्ये.”

“व्हय.”

“आठ दिवस देते. मैदान नीट करा आणि तिला घेऊन या.”

परत येऊन मी प्रिन्सिपल साहेबांसमोर उभा राहिलो. ते शांत गृहस्थ, पण त्या दिवशी पेन टेबलावर आपटलं. “मुलाणी, एक तर मैदान बिघडवलंस, वर चांगली खेळाडू दुसऱ्याला देऊन आलास. मी सही करणार नाही.”

मी म्हणलो, “साहेब, चूक मुरमाची हाय, मुरूम माजा हाय. पोरीची न्हाई. तिची सही करा. मग मला काढायचा कागद करा, त्याच्यावर मी अंगठा न्हाई, सही करीन. मला येती.”

साहेबांनी आपटलेलं पेन उचललं. म्हणाले, “आधी ती वीतभर जमीन काढ. मग बघू.”

ती काढायला पाच दिवस लागले. ठोकून ठोकून दगड झाला होता, आमचीच करणी. मी पहारीनं फोडायचो, हलिमा घमेल्यानं उचलायची. दुसऱ्या दिवशी टीमच्या पोरी आल्या, भूगोलाचे सर धोतराचा काचा मारून आले. निरोप मिळाला तशी रंजना आजाला घेऊन आली. म्हाताऱ्यानं बांबूची चिंधी बघितली, खड्डा बघितला आणि म्हणाला, “पाव्हण्यांना सांगतो, टोपलं वर गेलंय, दम धरा.” आणि दुसरी पहार मागितली.

खोदत खोदत गेलो तसे खांबाच्या बुडाला जुन्या रंगाचे पट्टे निघाले. पहिल्या वर्षी मीच दिलेला निळा रंग, ताजा राहिलेला. मी त्याच्यावरची माती हातानं पुसली.

मैदान खाली गेल्यावर पहिल्या दिवशी रंजनाचे सगळे बॉल पुढच्या कडेला. दुसऱ्या दिवशी निम्मे. तिसऱ्या दिवशी ती मला म्हणाली, “चाचा, बाप उडवीवर वर वर चढतो तसंच हाय की. दर थराला जरा जास्त जोर.” मग तिला सांगायचं काही उरलं नाही.

दुसऱ्यांदा शहरात ती हलिमाबरोबर गेली. मला जायचा धीर झाला नाही. स्टँडवर उभा राहिलो. दुपारच्या एसटीतून दोघी उतरल्या. हलिमाच्या हातात पांढऱ्या बुटांचा जोड. मी विचारलं, “किती?” रंजना म्हणाली, “चौदा. आन त्या पायऱ्यावाल्या पोरीनं पाणी आणून दिलं.”

साहेबांनी सही केली. मला काढलं नाही. पुढच्या वर्षी कायमही केलं, का ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. सहीचा कागद रंजनाला देताना एवढंच म्हणाले, “आमच्याविरुद्ध खेळायला आलीस तर जरा जपून.”

जपून कुठली! वर्षभरात शहराच्या टीमबरोबर आमच्याच मैदानावर आली. खेळ सुरू व्हायच्या आधी सगळ्यांसमोर मला म्हणाली, “चाचा, राग मानू नका. बांबू कुटाय?” मी आणला. तिनं स्वतः दोन्ही रिंगा मोजल्या, चिंधीला हात लावला, मला वाकून नमस्कार केला आणि आम्हाला धुऊन काढलं. हलिमा आंब्याखाली बसून तिच्या प्रत्येक बॉलला टाळ्या वाजवत होती. आमच्या पोरी चिडल्या. “चाची, तुमी कुणाकडून?” हलिमा म्हणाली, “कडी दोघींचीबी एकच हाय.”

आमची टीम त्यानंतर बरीच वर्षं हरत होती. मला त्याचं फार वाटलं नाही. वाईट वाटतं ते आधीच्या पोरींचं. विमल नावाची एक होती, शहरात दोन सोपे बॉल चुकले आणि टीमच्या पोरी तिला ‘भित्री’ म्हणून एवढं बोलल्या की तिनं खेळ सोडला. पंचवीस-एक वर्षांनी ती मला पौडच्या बाजारात भेटली. मी भर बाजारात सांगितलं, “विमल, तू भित्री नव्हतीस. मैदान वर होतं.” ती पिशवी खाली ठेवून हसली. “चाचा, आत्ता सांगताय व्हय? थांबा, घरी जाऊन नवऱ्याला सांगते. तो अजून चिडवतो.” हसली खरी, पण पिशवी उचलायला तिनं वेळ लावला.

काढलेला मुरूम कुठं टाकायचा हा प्रश्न होता. साहेब म्हणाले, “घेऊन जा तुझा तू.” हलिमानं तो आमच्या अंगणात पसरला. मूठ दाबून पाणी मारलं, ठोकला. पुढं घरात फरश्या आल्या, भुई करायचं बंद झालं, उंबरा मुलानं काढून टाकला. अंगण मात्र तेच आहे.

हलिमा गेली तेव्हा आमच्याकडं चार दिवस पाऊस थांबला नव्हता. गल्लीत घोट्याएवढा चिखल. लोक येत राहिले, आणि सगळे आमच्या अंगणात उभे राहिले. कुणाचा पाय रुतला नाही. जनाजा उचलताना कुणाचा तोल गेला नाही.

रंजना आली ती दुसऱ्या दिवशी. आता तीही म्हातारी. शहरातल्या शाळेत खेळाची बाई होती, रिटायर झाली. दारात चप्पल काढून अनवाणी उभी राहिली. टाचेनं अंगण दाबून बघितलं.

“चाचा, आपलंच मैदान ना ह्ये?”

“व्हय. चाचीनं ठोकलेलं.”

“किती वर आलंय?”

“वीतभर.”

मग ती तिथंच खाली बसली, मीही बसलो. जमीन कोरडी होती.